पाल्यास काढून न्यावे

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व निवासी व सैनिकी शाळांचे प्राचार्य, मुख्याध्यापक आणि कमांडंट

विषय : मुलाला शाळेतून काढण्याचं पत्र लिहिण्यापूर्वी



तुमच्या कार्यालयात एका पत्राचा मसुदा तयार असतो. नाव, इयत्ता आणि तारीख तेवढी भरायची. 'आपल्या पाल्याच्या गैरवर्तनाबाबत चौकशी केली असता तो दोषी आढळून आला आहे. शाळेच्या शिस्तीच्या दृष्टीने त्यास वसतिगृहात ठेवणे शक्य नाही. सबब आपण पाल्यास काढून न्यावे.' खाली सही, गोल शिक्का, जावक क्रमांक. मी एका निवासी शाळेत ३१ वर्षं शिकवलं, त्यातली ११ वर्षं रेक्टर होतो. असं पत्र मी चार वेळा लिहिलं. त्यातल्या तीन पत्रांबद्दल माझ्या मनात शंका नाही. चौथ्याबद्दल आहे. म्हणून हे पाचवं पत्र, या वेळी तुम्हाला.

त्या चौथ्या पत्राकडे येण्याआधी एका नौदल कॅप्टनच्या पत्राबद्दल सांगायचं आहे. ते इंग्लंडमधलं, १९०८ सालचं. सैनिक स्कूलच्या प्राचार्यपदावर सेनादलांतले सेवेतले अधिकारी येतात, त्यांत नौदलाचे कॅप्टनही असतात. त्यांना त्या पत्राची भाषा लगेच ओळखू येईल. इतरांनाही येईल. भाषा तीच आहे.

इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे. तिथल्या ऑस्बोर्नच्या वाड्यात व्हिक्टोरिया राणी राहायची, तिथंच ती १९०१ साली वारली. तिच्या मुलानं ती मालमत्ता देशाला दिली आणि १९०३ पासून त्या आवारात नौदलाचं कॉलेज सुरू झालं. कॉलेज म्हणायचं, पण मुलं अवघी साडेबारा-तेरा वर्षांची. दोन वर्षं इथं, मग दोन वर्षं डार्टमथला, मग जहाजावर. प्रतिष्ठा केवढी, तर मी सांगतोय त्या वर्षी राजाचा नातू, पुढे जो आठवा एडवर्ड झाला, तोही तिथं कॅडेट होता. त्याच वर्षी जानेवारीत जॉर्ज आर्चर-शी नावाचा मुलगा तिथं दाखल झाला. वडील बँक ऑफ इंग्लंडच्या ब्रिस्टल शाखेचे प्रमुख. मुलगा आधी स्टोनीहर्स्ट या जेझुइटांच्या शाळेत होता.

७ ऑक्टोबर १९०८. टेरेन्स बॅक नावाच्या कॅडेटला घरून पाच शिलिंगांची पोस्टल ऑर्डर आली. आपल्याकडे नोकरीच्या अर्जाला जोडायला आपण ज्या आणायचो, त्यातलाच प्रकार. फक्त इथं ती पोस्टात देऊन पैसे घ्यायचे होते. त्याच दिवशी ती त्याच्या सामानातून गेली, आणि कुणीतरी बॅकच्या नावाची सही ठोकून कॉलेजच्या पोस्टात ती वटवलीही. त्या दुपारी जॉर्ज परवानगी काढून पोस्टात गेला होता. त्याला खेळण्यातलं इंजिन मागवायचं होतं. कॉलेजात जमा असलेल्या स्वतःच्या पैशांतून १६ शिलिंग काढून त्यानं साडेपंधरा शिलिंगांची पोस्टल ऑर्डर घेतली.

पोस्टातल्या बाई, मिस टकर, म्हणाल्या, ज्या मुलानं साडेपंधरा शिलिंगांची ऑर्डर विकत घेतली त्यानंच पाच शिलिंगांची वटवली. कॅडेट त्यांच्यासमोर आणले, तेव्हा त्यांना तो मुलगा ओळखता आला नाही. गणवेशातली सगळी मुलं त्यांना सारखीच दिसायची. पण 'तोच तो' हे वाक्य कागदावर आलं होतं. मग जॉर्जला बोलावून एका कागदावर टेरेन्स बॅकचं नाव लिहायला सांगितलं. त्यानं ते मित्र जसं लिहायचा तसं, मधल्या अक्षरासकट लिहिलं. खोट्या सहीतही मधलं अक्षर होतं. झालं. हस्ताक्षरतज्ज्ञ टॉमस गुरिन यांनी दोन्ही अक्षरं एकाच हातची असल्याचं सांगितलं.

या गुरिनबद्दल थोडं थांबून सांगतो. बारा वर्षांपूर्वी, १८९६ साली, अडॉल्फ बेक नावाच्या माणसावरच्या फसवणुकीच्या खटल्यात याच तज्ज्ञानं अक्षर बेकचंच असल्याची साक्ष दिली होती. बेक तुरुंगात गेला. पुढे १९०४ साली खरा माणूस सापडला, गुरिनची चूक जाहीर झाली, आणि त्या प्रकरणाच्या धक्क्यातूनच इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलांचं न्यायालय निघालं. हे सगळं वर्तमानपत्रांत येऊन गेलेलं. तरीही चारच वर्षांनी तेरा वर्षांच्या मुलाचं भवितव्य त्याच माणसाच्या भिंगाखाली ठेवायला कुणाला काही वाटलं नाही.

कॅप्टन आर्थर ख्रिश्चन हे त्या कॉलेजचे प्रमुख. ते दुष्ट होते असं मला कुठंही आढळलं नाही. समोर आलेले कागद त्यांनी वाचले आणि वर कळवलं. वरून, म्हणजे नौदल मुख्यालयातून, मुलाच्या वडिलांना पत्र गेलं. आशय असा : पोस्टल ऑर्डरच्या चोरीबाबत कॉलेजच्या प्रमुखांचं पत्र मिळालं आहे, चौकशीतून आपल्या मुलानंच ती घेतली याखेरीज दुसरा निष्कर्ष निघू शकत नाही, आणि अत्यंत खेदानं सांगावं लागतं की आपण मुलाला कॉलेजातून काढून न्यावं. चोरी ७ तारखेची. हे पत्र ऑक्टोबर संपायच्या आत घरी पोचलं होतं.

'याखेरीज दुसरा निष्कर्ष निघू शकत नाही.' गुरुजनहो, हे वाक्य मीही लिहिलं आहे, म्हणून त्याच्याजवळ जरा बसतो. दुसरा निष्कर्ष निघत नाही, तेव्हा बहुतेक वेळा तो कुणी शोधायलाच गेलेलं नसतं. त्या दुपारी पोस्टात आणखी कोण आलं होतं, मिस टकर खिडकीवर सलग होत्या का, मध्ये कशासाठी उठल्या का, मुलानं मित्राची सही कधी पाहिली होती, स्वतःच्या नावावर पैसे असलेला मुलगा पाच शिलिंग चोरून लगोलग त्याच खिडकीवर स्वतःचा व्यवहार कशाला करील? यातला एकही प्रश्न विचारायला कायद्याचं शिक्षण लागत नाही. मुलाच्या बाजूनं बसलेलं एक माणूस लागतं. ऑस्बोर्नच्या त्या खोलीत ते नव्हतं.

वडिलांनी उत्तर लिहिलं की माझ्या मुलानं हे केलं यावर माझा कशानंही विश्वास बसणार नाही आणि या आरोपाची मी स्वतंत्र तज्ज्ञांकडून छाननी करून घेईन. मुलाला घरी आणलं. आणि मग लक्षात आलं की दाद मागायला जागाच नाही. हाच आरोप एखाद्या खलाशावर आला असता तर त्याला लष्करी न्यायालय मिळालं असतं, साक्षीदाराला उलट प्रश्न विचारता आले असते. कॅडेट अजून नौदलात भरती झालेला नव्हता, म्हणून ते नाही. साध्या दिवाणी न्यायालयात जावं, तर राजाच्या सेवेतल्या माणसाला राजा कधीही काढू शकतो, राजाला कोर्टात खेचता येत नाही. तेरा वर्षांचा मुलगा त्रिशंकूसारखा लटकला. नौदलानं नंतर पुन्हा चौकशी केली, तीही मुलाच्या बाजूचं कुणी समोर नसताना.

वडिलांनी गाठलं सर एडवर्ड कार्सन यांना. मराठी वाचकाला हे नाव वेगळ्या कारणासाठी ठाऊक असतं. लोकमान्यांनी व्हॅलेंटाइन चिरोलवर लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला, तेव्हा १९१९ साली चिरोलच्या बाजूनं टिळकांची उलटतपासणी घेणारा बॅरिस्टर हाच. तो दावा टिळक हरले, आणि कार्सनचं नाव आपल्याकडे कडवटपणानंच घेतलं जातं. पण या मुलासाठी तो जिवाच्या आकांतानं लढला, हेही तितकंच खरं. वकीलपत्र घेण्याआधी त्यानं जॉर्जला समोर बसवून स्वतःच कसून उलटतपासलं आणि खात्री पटल्यावरच काम हातात घेतलं. म्हणजे मुलाला कुणीतरी मोठ्या माणसानं नीट, शेवटपर्यंत प्रश्न विचारले ते शाळेनं त्याला काढल्यानंतर.

राजाविरुद्ध थेट दावा चालत नसे. 'पिटिशन ऑफ राइट' नावाची जुनी वाट होती : राजाकडेच अर्ज करायचा आणि त्यानं 'न्याय होऊ दे' असा शेरा मारला तरच पुढं जायचं. तो शेरा मिळवायला, तारखा पडायला जुलै १९१० उजाडलं. मुलगा तेराचा पंधराचा झाला. सरकारच्या बाजूनं उभे होते सॉलिसिटर-जनरल सर रूफस आयझॅक्स, पुढे लॉर्ड रेडिंग म्हणून १९२१ साली हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होऊन आले तेच. त्यांचा पहिला मुद्दा असा की मुलानं चोरी केली की नाही हा प्रश्नच इथं येत नाही. राजाला आपल्या सेवकाला काढायचा पूर्ण अधिकार आहे. पहिल्या न्यायाधीशांनी तो मान्यही केला. अपिलात मात्र न्यायाधीश म्हणाले, आधी वस्तुस्थिती काय ते तपासा.

२६ जुलैला ज्यूरीपुढे सुनावणी सुरू झाली. कार्सननं सुरुवातीलाच सांगितलं की या मुलाच्या कपाळावर तेराव्या वर्षी चोर आणि खोट्या सह्या करणारा असा शिक्का मारला गेला आणि तो जन्मभर तसाच राहणार होता, आणि हे करताना त्याच्या वडिलांना, त्याच्या एकाही हितचिंतकाला तिथं बसू दिलं नव्हतं. मग मिस टकर साक्षीला आल्या. कार्सननं त्यांच्यावर आवाज चढवला नाही. त्या खोटं बोलतात असंही तो म्हणाला नाही. एवढंच विचारत गेला की मुलं तुम्हाला वेगवेगळी ओळखू येतात का, कामाच्या मध्ये काही व्यत्यय आला होता का, दोन व्यवहारांच्या मध्ये किती वेळ गेला. बाईंनी प्रामाणिकपणे उत्तरं दिली, आणि त्या प्रामाणिक उत्तरांमध्ये 'तोच तो' हे वाक्य विरघळून गेलं. चौथ्या दिवशी, २९ जुलैला, रूफस आयझॅक्स उभे राहिले आणि म्हणाले की ती ऑर्डर या मुलानं वटवली नाही, सही त्यानं केली नाही, तो निर्दोष आहे, हे आम्ही कोणतीही अट न ठेवता मान्य करतो. ज्यूरीतली माणसं उठून कार्सनशी आणि मुलाच्या वडिलांशी हस्तांदोलन करू लागली.

पैसे मिळायला आणखी एक वर्ष गेलं, संसदेत ओरड व्हावी लागली. १९११ साली कुटुंबाला खर्चापोटी ४,१२० पौंड आणि भरपाई म्हणून ३,००० पौंड मिळाले. पाच शिलिंग म्हणजे पाव पौंड. एका चोरीचा खोटा आळ धुऊन काढायला चोरीच्या रकमेच्या १६ हजार पटींहून जास्त खर्च आला. तो खर्च करायची ऐपत या वडिलांची होती. मुलाचा सावत्र भाऊ सैन्यात मेजर होता आणि १९१० साली संसदेवर निवडूनही आला होता.

टेरेन्स रॅटिगननं १९४६ साली यावर 'द विन्स्लो बॉय' हे नाटक लिहिलं. दोन वर्षांनी त्यावर चित्रपट आला, त्याचा दिग्दर्शक अँथनी अॅस्क्विथ, खटल्याच्या वेळी पंतप्रधान असलेल्या अॅस्क्विथचा मुलगा. नाटक चांगलं आहे, पण त्यामुळे लोकांच्या लक्षात वकील राहिला. मला त्या खटल्यातलं सगळ्यांत मोठं माणूस दुसरंच वाटतं. नौदलानं चोर ठरवून काढलेला मुलगा परत दाराशी आला, तेव्हा ज्या शाळेनं, स्टोनीहर्स्टनं, त्याला आत घेतलं, त्या शाळेतलं ते कुणीतरी. खटल्याचा निकाल तेव्हा लागलेला नव्हता. मुख्यालयाचं पत्र समोर होतं. तरी त्यांनी त्याला बाकावर बसवलं. अशा मुलाचा दाखला घेऊन एखादा बाप तुमच्याही दाराशी कधीतरी येईल, तेव्हा ही शाळा आठवा.

जॉर्ज नौदलात परत गेला नाही. शाळा संपवून न्यूयॉर्कला नोकरीला गेला. १९१४ साली युद्ध सुरू झालं तसा परतला आणि पायदळात, साउथ स्टॅफर्डशायर रेजिमेंटमध्ये अधिकारी म्हणून लढायला गेला. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जियममध्ये ईप्रच्या लढाईत पडला. वय १९. त्याची कबर सापडलेली नाही. मेनिन गेटच्या भिंतीवर हजारो नावांत त्याचंही नाव कोरलेलं आहे. ज्याला राजाच्या सेवेला नालायक ठरवून घरी पाठवलं, तो सहा वर्षांनी राजाच्याच सेवेत मेला.

आता माझं पत्र.

१९८९ सालचा जानेवारी. शाळेचं नाव सांगत नाही. आठवीच्या दालनात ४० खाटा, प्रत्येक खाटेखाली पत्र्याची ट्रंक, ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं नाव आणि हजेरी क्रमांक. एका मुलाच्या ट्रंकेतून सहलीसाठी घरून आलेले दीडशे रुपये गेले. त्या सकाळी पीटीला न गेलेला एकच मुलगा होता. अंगात ताप म्हणून त्याला सूट दिली होती. पहारेकऱ्यानं त्याला दालनाकडे जाताना पाहिलं होतं. आणि दोन दिवसांनी त्याच्याकडे नवी कंपासपेटी दिसली. दुष्काळी तालुक्यातला मुलगा, शिष्यवृत्तीवर आलेला, घरून पैसे कधी यायचे नाहीत. दुसरा निष्कर्ष निघत नव्हता.

रात्री दहाला मी त्याला ऑफिसात बोलावलं. लेखी जबाब दे म्हटलं. त्यानं आखीव कागदावर लिहिलं : मी पैसे घेतले नाहीत. कंपास मामाने दिवाळीत दिलेल्या पैशाचा आहे. मी म्हणालो, खरं लिही. त्यानं दुसरा कागद घेतला आणि तीच दोन वाक्यं लिहिली. मी पुन्हा म्हणालो. तिसऱ्या कागदावर तीच दोन वाक्यं, अक्षर जरा मोठं झालेलं, 'मामाने'तला काना ओळीखाली उतरलेला. मी त्याचा अर्थ असा लावला की पोरगं निगरगट्ट आहे. हस्ताक्षरतज्ज्ञ गुरिनला मी नावं ठेवली, पण त्या रात्री मीही एका अक्षरातून मला हवं तेच वाचत होतो.

मामाला विचारता आलं असतं. त्याच्या गावी फोन नव्हता. पोस्टकार्ड तेव्हा १५ पैशांना मिळायचं, जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. चार दिवस. पण ज्याचे पैसे गेले त्याचे वडील शनिवारी भेटायला येणार होते आणि त्यांना सांगायला माझ्याकडे काहीतरी हवं होतं. ते चार दिवस मी त्या मुलाला दिले नाहीत.

वडील पहाटेच्या एसटीनं आले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खुर्चीच्या कडेवर बसले. भांडले नाहीत. एवढंच विचारलं, "गुरुजी, त्यानं घेतले का?" मी म्हणालो, "पुराव्यावरून तसंच दिसतंय." मी 'हो' म्हणालो नाही, हे माझ्या तेव्हाही लक्षात आलं होतं. मग क्लार्कनं अर्जाचा मजकूर सांगितला आणि त्यांनी एकेक अक्षर काढत लिहून घेतला : घरगुती अडचणीमुळे पाल्यास आपल्या शाळेतून काढत आहे, तरी दाखला मिळावा. माझ्या पत्रात चोरी होती, त्यांच्या अर्जात घरगुती अडचण. दाखल्यावर अर्जच चढला. आम्हाला वाटलं, आम्ही मुलावर उपकार करतोय, त्याच्या कागदावर डाग नको. ट्रंक वडिलांनी खांद्यावर घेतली, वळकटी मुलानं. दुपारी दालनात गेलो, तर त्याच्या रिकाम्या खाटेवर गादीच्या ठिकाणी कंपासपेटी ठेवलेली होती.

पैसे कुणी घेतले ते पुढे कधीच कळलं नाही. तो निर्दोष होता असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. ते मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही, आणि एवढं माहीत नसताना मी ते पत्र लिहिलं, हाच माझा अपराध. ऑस्बोर्नच्या मुलाला चार दिवसांची सुनावणी मिळाली, दोन वर्षांनी का होईना. माझ्या मुलाच्या बापाकडे बँक नव्हती, मेजर नव्हता, कार्सन नव्हता. परतीची एसटी दीडला होती आणि ती चुकली तर मुक्काम करावा लागणार होता. आपल्याकडच्या बहुतेक बापांची तीच गत असते. कॅप्टनचं पत्र चुकलं तर ते खोडायला कुणीतरी उभं राहिलं. तुमचं-माझं पत्र चुकलं तर ते तसंच राहतं. म्हणून जी काही काळजी घ्यायची ती लिहिण्याआधीच घ्यावी लागते.

तुम्ही म्हणाल, चारशे पोरांचं वसतिगृह आहे, एकाला सोडलं तर दहा बिघडतात, ज्याचे पैसे गेले त्याचे आईबाप ऑफिसात येऊन बसतात. खरं आहे. ते ओझं मी ११ वर्षं वाहिलंय. वसतिगृहात चोरी झाली की सगळ्यांची झोप जाते, ट्रंकांना दोन-दोन कुलपं लागतात, मुलं एकमेकांशी बोलेनाशी होतात. प्रकरण लवकर मिटावं असं वाटणं स्वाभाविक आहे. पण ते लवकर मिटवायची किंमत ज्याच्या बाजूनं बोलायला कुणी नाही त्याच्याकडून वसूल होते, दर वेळी. श्रीमंत घरच्या मुलाला मी कधी रात्री दहाला ऑफिसात बोलावलं नव्हतं.

आता कायदा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. कलम १७ प्रमाणे मानसिक छळालाही बंदी आहे, आणि रात्री दहाला तीनदा जबाब लिहून घेणं यात बसत नाही असं कुणी मला सांगू नये. पण तुम्हालाही ठाऊक आहे की कलम १६ ला वाट कशी काढली जाते. आपण काढतच नाही. पालक काढतात. विनंती अर्ज करून. ऑस्बोर्नच्या पत्रातही 'आम्ही काढलं' असं नव्हतं. 'आपण काढून न्यावं' असंच होतं. आणि नववी-दहावीच्या मुलाला तर या कलमाचा आधारही नाही.

माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे की पालकाला अर्जाचा मजकूर सांगून लिहून घेणं बंद करा. मुलाला काढायचंच असेल तर स्वतःच्या नावानं, कारण देऊन, पुरावे नोंदून काढा, म्हणजे निदान त्या कागदाविरुद्ध कुठंतरी दाद मागता येईल. घरगुती अडचणीविरुद्ध कुणी अपील करू शकत नाही. मुलाला प्रश्न विचारण्याआधी त्याच्या घरी फोन करा. आता चार दिवस लागत नाहीत, चार मिनिटं लागतात. त्याच्या मर्जीतल्या एका शिक्षकाला त्याच्या शेजारी बसवा आणि त्या शिक्षकाचं काम मुलाच्या बाजूनं शंका काढणं हेच आहे असं त्याला स्पष्ट सांगा. ज्यानं माहिती गोळा केली त्यानंच निकाल देऊ नये. मी दोन्ही कामं केली होती. आणि मुलानं लिहिलेला प्रत्येक कागद फायलीत लावा, तिन्हीच्या तिन्ही. मी फायलीत फक्त सारांश लावला होता. ते तीन कागद माझ्या घरच्या कपाटात राहिले, आणि अजून आहेत.

गेल्या महिन्यात मी त्या शाळेत गेलो होतो. हल्लीच्या मुख्याध्यापिकांनी चहा दिला, जनरल रजिस्टर काढून दिलं. १९८९ च्या पानावर त्याच्या नावासमोर शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना आहे. 'पालकांचे विनंतीवरून.' अक्षर माझंच. त्या दिवशी क्लार्क रजेच्या घाईत होता, म्हणून नोंद मी केली होती, हे मी विसरून गेलो होतो. मी दुरुस्तीचा अर्ज दिला : ही नोंद वस्तुस्थितीला धरून नाही, सदर विद्यार्थ्यास शाळेने, तत्कालीन रेक्टरच्या सांगण्यावरून, पुरेशी चौकशी न करता काढले, असे नमूद व्हावे. सोबत ते तीन कागद झेरॉक्स काढून जोडले. क्लार्कनं अर्ज दोनदा वाचला. म्हणाला, "सर, नावाची दुरुस्ती येते, जन्मतारखेची येते. कारणाची दुरुस्ती आजवर कुणी मागितली नाही." मग त्यानं आवक क्रमांक टाकून पोच दिली. ती या पत्राबरोबर ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक